पाळणा आणि दाखला

2018 च्या उन्हाळ्यात आम्हाला सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर रिकामे करायचे होते. दिल्लीतल्या सात जुन्या सरकारी वसाहती पाडून तिथे उंच इमारती बांधायच्या, असा निर्णय केंद्र सरकारने दोन वर्षांपूर्वी घेतला होता. त्या सातांत आमची एक. बाबा 1956 मध्ये साताऱ्याहून कारकुनाच्या नोकरीवर इथे आले. जुने लोक अजून या भागाला विनयनगर म्हणतात. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांचे क्वार्टर सुटले, पण पुढे मलाही केंद्र सरकारचीच नोकरी लागली आणि दोन गल्ल्या सोडून तसेच दोन खोल्यांचे घर मिळाले. त्यामुळे आईची पत्र्याची पेटी कधी वसाहतीबाहेर गेलीच नव्हती.

पेटीत जुने रेशनकार्ड होते, बाबांच्या पेन्शनचे कागद होते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला एक पिवळा पडलेला कागद. स्त्री-नसबंदीचा दाखला. आईचे नाव, बाबांचे नाव, हयात मुले चार. तारीख जानेवारी 1970 ची, माझ्या जन्मानंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

आई तेव्हा ऐंशी पार केलेली. मी कागद तिच्यासमोर धरला. ती म्हणाली, "तुझ्या पाठीवर आणखी कुणी नको, म्हणून."

"आणि मी?"

ती जराही अडखळली नाही. "तू पण नको होतीस. तेव्हा. नंतर हवी होतीस."

मी घरातले शेंडेफळ. ताई 1957 ची, मोठा दादा 1959 चा, धाकटा दादा 1965 चा आणि मी 1970 ची. शेंडेफळ हा लाडाचा शब्द आहे. झाडाच्या शेंड्याला उशिरा लागलेले फळ. ते लागावे असे कुणी ठरवले होते का, हे तो शब्द सांगत नाही. मराठीत गर्भ राहण्याची सगळीच भाषा अशी कर्त्याशिवायची आहे. 'दिवस गेले', 'पाळी चुकली', 'राहिलं'. कुणी काही केले नाही, आपोआप झाले. नको असलेल्या मुलीसाठी मात्र आपल्याकडे थेट नाव होते. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुसा' नावाच्या मुलींना समारंभाने नवी नावे द्यावी लागली. पण 'आत्ता नको होते, पुढे चालले असते' आणि 'मुळीच नको होते' यांतला फरक सांगणारा एक शब्द आपल्याकडे नाही.

लोकसंख्येचा अभ्यास करणारे तो फरक करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईला तिच्या अलीकडच्या प्रत्येक बाळंतपणाबद्दल विचारतात : तेव्हा मूल हवे होते, नंतर हवे होते, की नकोच होते? मांडीवर खेळणाऱ्या मुलाकडे पाहून 'नकोच होते' म्हणणे किती जणींना जमत असेल, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडतो. आशिया-आफ्रिकेतल्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या आकडेवारीला जोडून दुसरा प्रश्न येतो : न ठरवता मूल झाले, तर त्यानंतर बाई गर्भनिरोधक वापरू लागते का? वरवर उत्तर सोपे वाटते. एकदा पोळलेली बाई ताकही फुंकून पिणार. पण आईने त्या दिवशी पेटीशेजारी बसून जे सांगितले, त्यात फुंकायला ताक कुठे होते, ते कुणाच्या हातात होते, हेच मुख्य होते. मी पुढची काही वर्षे जे वाचत गेले ते तिचे बोलणे नीट लावून घेण्यासाठी.

*

मराठी माणसाला या विषयाची सुरुवात दिल्लीत शोधावी लागत नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला होता. कर्व्यांना या कामापायी प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 च्या जुलैपासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्यासाठी खटले आणि दंड सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे 1938 मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात सरकारने संततिनियमनाचा प्रसार करावा असा ठराव आणला. तो मोठ्या फरकाने पडला.

कर्व्यांचा शब्द 'नियमन' होता. पुढे सरकारने घेतलेला शब्द 'नियोजन'. दोन्हींत फार अंतर नाही असे मला पूर्वी वाटे. पण कर्वे ज्या बाईबद्दल लिहीत होते ती एक विशिष्ट बाई होती. तिचे शरीर, तिचे आजारपण, तिचे सुखही. मूल किती आणि केव्हा हे तिने ठरवायचे, आणि त्यासाठी लागणारे साधन तिच्या हाती द्यायचे. देशाची लोकसंख्या हा त्यांच्या लेखी नंतरचा मुद्दा होता. नियोजन आयोगाच्या देशात 'नियोजन' हा शब्द आला तो पंचवार्षिक योजनेच्या सोबतीने, आणि योजनेत बाईपेक्षा बेरीज मोठी असते.

कर्व्यांचे काम पुढे नेणाऱ्यांत शकुंतला परांजपे होत्या. रँग्लर परांजप्यांची कन्या, स्वतः गणिताच्या विद्यार्थिनी. 1938 पासून पुण्यात त्या बायकांना सल्ला आणि साधने देत होत्या. 1964 ते 1970 त्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत होत्या, म्हणजे आमच्या घरात जी घालमेल चालली होती, नेमक्या त्याच वर्षांत त्यांचे दिल्लीला येणे-जाणे होते. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव आहे 'पाळणा लांबवायचा की थांबवायचा?' या विषयातला निम्मा वाद त्या नावात आहे. लांबवणे म्हणजे पुन्हा ठरवता येणे. थांबवणे म्हणजे एकदाच ठरवणे.

*

स्वतंत्र भारताने 1952 मध्ये कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम केला. असे करणारा हा जगातला पहिला देश असे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याची पहिली पायरी सरोजिनी नगरपासून फार दूर नसलेल्या लोदी कॉलनीत पडली आणि ती अगदी बिचकत पडली. तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या निकटच्या अनुयायी. 1935 च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या, तेव्हा गांधीजींनी कृत्रिम साधनांना ठाम नकार दिला होता. पाळीतले 'सुरक्षित दिवस' पाहून वागण्याला त्यांचा विरोध त्या मानाने मऊ होता, कारण त्यात निदान काही दिवसांचा संयम होता. अमृत कौर यांनी तेवढाच धागा धरला. जागतिक आरोग्य संघटनेकडून अब्राहम स्टोन हे अमेरिकन डॉक्टर आले आणि दोन ठिकाणी प्रयोग ठरला : म्हैसूर राज्यातले रामनगरम हे खेडेवजा गाव, आणि दिल्लीची लोदी कॉलनी, जिथे सरकारी नोकरांची कुटुंबे राहत.

स्टोन यांनी रंगीत मण्यांची माळ बनवली. रोज एक मणी सरकवायचा, रंग पाहून दिवस ओळखायचा. माळेच्या कहाण्या पुढे बऱ्याच पसरल्या. कुणी ती गळ्यात घातली की झाले असे समजले, कुणी मणी विसरले. त्यावर हसणे सोपे आहे. पण ज्या घरात नवऱ्याला 'आज नको' सांगण्याची सोयच नाही, तिथे माळ बाईच्या हातात देऊन काय होणार, हे प्रयोग आखणाऱ्यांनी विचारले नव्हते. शिकायची तयारी पुष्कळ जणींनी दाखवली. पाळणाऱ्या फार थोड्या निघाल्या.

आईला माळ मिळाली नाही. तिला आजीकडून मिळाले ते एवढेच : बाळ अंगावर पीत आहे तोवर दिवस जात नाहीत. यात तथ्य आहे, पण त्याला अटी आहेत. 1988 मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी त्या स्पष्ट केल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, फक्त किंवा जवळजवळ फक्त आईच्या दुधावर हवे, आणि पाळी परत आलेली नसावी. तिन्ही असतील तर अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक संरक्षण. ताईला सातव्या महिन्यात वरणभात सुरू झाला आणि ती सोळा महिन्यांची असताना दादा झाला. जागतिक आरोग्य संघटना आज सांगते की बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यात किमान दोन वर्षांचे अंतर असावे.

दादानंतर सहा वर्षांची फट आहे. ती कशी पडली, असे मी विचारले तेव्हा आई हसली. "दोन खोल्या, त्यात तुझी आजी आणि दोन पोरं. फट पडायला आणखी काय लागतं?" मग म्हणाली, "ह्यांनी सांभाळलं." तेवढ्यावर मी समजले. 1965 मध्ये सांभाळणे चुकले आणि धाकटा दादा आला.

*

त्याच वर्षी सरकारने लूप आणला. प्लास्टिकची दुहेरी वळणाची छोटी तार, लिपीज यांनी अमेरिकेत काढलेली. एकदा बसवली की रोज काही लक्षात ठेवायला नको, म्हणून दिल्लीत आनंदीआनंद होता. कानपूरला कारखाना निघाला. 1966-67 या एका वर्षात देशभर नऊ लाखांच्या आसपास बायकांना लूप बसवले गेले. धाकटा दादा दोन महिन्यांचा असताना आईनेही बसवून घेतला. तो तिने मागून घेतला होता, हे ती दोनदा म्हणाली. घरी आजीला सांगितले नव्हते.

मग रक्तस्राव सुरू झाला. महिन्यातले बारा-बारा दिवस. ज्या दवाखान्यात लूप बसवला होता तिथे ती तीनदा गेली. नव्या बायकांची रांग वेगळी, जुन्यांना कुणी विचारीना. तिसऱ्या खेपेला एका नर्सने काढून दिला आणि पुढे काय करायचे ते सांगितले नाही. लूपची कहाणी देशभर अशीच झाली. बसवणाऱ्यांना उद्दिष्ट होते, नंतर पाहणाऱ्यांना नव्हते. दोन-तीन वर्षांत आकडे घसरले आणि अहवालांत लिहिले गेले की भारतीय बाईने लूप नाकारला. आईने तो नाकारला नव्हता. तिला लूपनंतरचा डॉक्टर हवा होता.

1968 मध्ये निरोध आला, पंधरा पैशांत तीन. लाल त्रिकोण भिंतींवर, बसवर, काड्यापेटीवर दिसू लागला. बाबा तो दुकानात मागू शकले नाहीत, कारण दुकानदार ओळखीचा होता. माझे दिवस राहिले ते 1969 च्या वसंतात.

गर्भपात तेव्हा भारतीय दंडविधानाखाली गुन्हा होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1966 च्या अखेरीस कायदा सैल करावा असा अहवाल दिला होता. कायदा झाला 1971 मध्ये, अमलात आला 1972 च्या एप्रिलमध्ये. मी आईला विचारले नाही की कायदा आधी झाला असता तर. तीच म्हणाली, "शेजारच्या पंजाबीण बाई एका दाईचा पत्ता देत होत्या. मी भ्याले." तेवढेच. मी पन्नाशीला टेकलेली बाई तिच्या भीतीमुळे तिथे बसले होते, आणि मला तिचा राग आला नाही. राग आला तो त्या वर्षाचा, ज्यात तिच्यापुढे दाई आणि मी असे दोनच रस्ते होते.

*

मी जन्मले त्याच सुमारास सरकारला एक नवी कल्पना मिळाली होती. न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलने 1966 पासून निरनिराळ्या देशांतल्या रुग्णालयांत बाळंतिणींसाठी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला होता. विचार व्यवहारी होता. दवाखान्यात नुकतीच बाळंत झालेली बाई ऐकायच्या मनःस्थितीत असते, ती समोर असते, तिला शोधत खेड्यात जावे लागत नाही. भारताने 1969 मध्ये मोठ्या रुग्णालयांत हा प्रसूतिपश्चात कार्यक्रम सुरू केला. आईला तिसऱ्या दिवशी विचारले गेले. खरे तर बाबांना विचारले गेले, कारण नवऱ्याची संमती लागे. आज नियमाने ती लागत नाही.

"तुला हवं होतं का ऑपरेशन?"

"हवं होतं. पण मला वाटलं होतं, दुसरंही काही सांगतील. त्यांनी एकच सांगितलं."

ऑपरेशनचे जे थोडे रुपये मिळाले त्यांतून तिने स्टीलचा डबा घेतला आणि त्यावर माझे नाव आणि जन्मतारीख कोरून घेतली. त्यात ती अजून पोहे ठेवत असे. तो पैसा कुठून आला होता, हे मला त्या दिवशी कळले.

दाखल्याने आमच्या घराचे खरे काम केले ते सहा वर्षांनी. आणीबाणीत सरकारी कचेऱ्यांत याद्या निघाल्या. दिल्लीत नोकरीतल्या सवलती, घर, बढती यांची नाळ नसबंदीच्या दाखल्याशी जोडली गेली. बाबा चार मुलांचे बाप. त्यांनी पेटीतून आईचा कागद काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सुटले. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांकडे तसा कागद नव्हता. ते दोन दिवस रजेवर गेले आणि परतल्यावर कुणाशी बोलेनात. 1976-77 मध्ये देशात 82 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांतल्या 62 लाखांच्या आसपास पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच 1976 मध्ये मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही.

1977 मध्ये मतदारांनी ते सरकार घालवले. त्यानंतर पुरुषांच्या वाटेला जायला कुठलेच सरकार धजले नाही, आणि सगळा भार मुकाट्याने बायकांवर सरकला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या विवाहितांपैकी 37.9 टक्के बायकांची नसबंदी झालेली होती, पुरुष नसबंदीवर विसंबलेल्या 0.3 टक्के. तांबी 2.1 टक्के, गोळ्या 5.1 टक्के. महाराष्ट्रात स्त्री-नसबंदी 49 टक्क्यांवर. म्हणजे आपल्याकडच्या बायका न ठरवलेल्या बाळंतपणानंतर काही करत नाहीत असे नाही. करतात. पण लांबवण्याच्या दारावर गर्दी नाही, कारण ते दार अर्धेच उघडे आहे. गर्दी थांबवण्याच्या दारावर आहे. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या नसबंदी शिबिरात बायका मेल्या, तेव्हा त्या गर्दीची किंमत दिसली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा असे सांगितले.

हे एकट्या भारताचे नाही. जगात दर वर्षी बारा कोटींहून अधिक गर्भधारणा न ठरवलेल्या असतात, एकूण गर्भधारणांच्या जवळपास निम्म्या. भारतातही 2015 च्या अंदाजात हे प्रमाण निम्म्याच्याच घरात होते. गेल्या दशकात श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, केनिया, टांझानिया आणि भारतातल्या रुग्णालयांत बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवण्याचा मोठा प्रयत्न झाला. साधन 1965 च्या लूपपेक्षा पुष्कळ चांगले आहे, आणि ते लांबवण्याचे आहे. 1969 ची कल्पना मुळात चुकीची नव्हती. त्या तिसऱ्या दिवशी बाईला काय विचारले जाते आणि चौथ्या महिन्यात ती परत आली तर तिला कोण भेटते, यावर सगळे ठरते.

*

आई 2021 मध्ये गेली. मी आता बाजाराच्या पलीकडच्या वसाहतीत राहते. आमच्याकडे कामाला येणारी मुलगी चोवीस वर्षांची, बिहारची. पहिली लेक दीड वर्षाची असताना तिला पुन्हा दिवस राहिले. गेल्या हिवाळ्यात मुलगा झाला. दोन महिन्यांनी कामावर आली तेव्हा तिने पदरातून एक कार्ड काढले. "दीदी, यात काय लिहिलंय?"

इंग्रजीत लिहिले होते की बाळंतपणानंतर तिला तांबी बसवली आहे. खाली बसवल्याची तारीख, पुन्हा दाखवायला येण्याची तारीख, आणि काढण्याचे वर्ष, दहा वर्षांनंतरचे. पुन्हा दाखवायची तारीख उलटून गेली होती.

मी वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मी विचारले, काढायची आहे का? तिने मान हलवली. नाही. मुलगा चालायला लागेपर्यंत असू दे, मग बघू. पण दहा वर्षे म्हणजे काय, मध्येच काढता येते का, काढली तर पुन्हा मूल होते का, हे सगळे तिने एकापाठोपाठ एक विचारले. आईने साठ वर्षांपूर्वी हेच प्रश्न घेऊन तीन खेपा घातल्या असतील.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. नव्या बायकांची रांग लांब होती. आम्ही दुसऱ्या खिडकीवर उभ्या राहिलो, जिथे कुणी नव्हते, आणि खिडकी उघडण्याची वाट पाहिली.